वर्गणीला न पेलणारा खर्च

फुप्फुस प्रत्यारोपणाला आज भारतात साधारण 25 ते 40 लाख रुपये लागतात. नागपूरजवळच्या खाप्यासारख्या गावात असा रुग्ण निघाला की वर्गणी काढायचे ठरते, ती अपुरी पडते, आणि मग माणुसकी आटल्याची हळहळ सुरू होते. ही हळहळ अन्यायाची आहे. मयत, लग्न, देवळाचा जीर्णोद्धार अशा आकार ठाऊक असलेल्या, एकदाच येणाऱ्या खर्चासाठी वर्गणीची रीत पडली. त्यातही कन्हानकाठच्या या कोष्टी विणकरांच्या गावात लुगड्याचा बाजार बसला की देणारे आणि मागणारे दोघेही एकदमच अडचणीत यायचे. फुप्फुस प्रत्यारोपणाचा खर्च तर या रितीपुढे अगदीच नवा. जेम्स हार्डी यांनी 1963 मध्ये पहिले प्रत्यारोपण केले तेव्हा रुग्ण 18 दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले यश टोरांटोत 1983 साली जोएल कूपर यांना मिळाले. शिवाय शरीराने नवे फुप्फुस नाकारू नये म्हणून औषधे जन्मभर घ्यावी लागतात. वर्गणी दरमहा, जन्मभर कोण देणार?

वर्गणीला पर्याय हक्काच्या पैशाचा, पण तो सगळ्यांना सारखा मिळाला नाही. खाप्याजवळच्याच नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1877 साली सुरू झाली आणि 1901 मध्ये तिथे भविष्य निर्वाह निधी आला. पुढे 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराच्या आजारपणाला हक्काचा पैसा मिळवून दिला. तेच कापड घरच्या मागावर विणणारा मात्र कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहिला. हातमाग विणकरांसाठी केंद्राची आरोग्य विमा योजना आली ती 2005-06 मध्ये, आणि तिची मर्यादा होती कुटुंबाला वर्षाकाठी 15,000 रुपये. गिरणीच्या भोंग्याशी बांधलेल्याला मिळालेला हक्क घरात राबणाऱ्याला निम्म्याहून अधिक शतक उशिरा, आणि तोही इतका तोकडा मिळाला. वर्गणीवरचा भार वाढला तो या भेदामुळे.

आता मोबाइलवरून देशभर मदत मागता येते, मग अडचण काय, असे कोणी म्हणेल. अशा आवाहनाचा पहिला पैसा ओळखीच्या माणसांकडूनच येतो, आणि विणकराची ओळख विणकरांशीच असते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांची योजनाही 2006 पासून आहे: 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या 2 टक्क्यांचा निधी. योजना मोलाची आहे, पण हा निधी एकेका रुग्णालयापुरता असतो; एका प्रत्यारोपणात इतर अनेकांचा वाटा संपू शकतो. आणखी वजनदार आक्षेप असा की, ग्रामीण रुग्णालयात साधी औषधे नसताना सरकारने एका रुग्णावर लाखो रुपये का घालावेत? साधी औषधे आधी हवीत, हे खरेच. पण ज्या आजाराची पाळी फार थोड्यांवर येते आणि आली की घर बुडते, त्याचाच भार सर्वांत मोठ्या समूहावर पसरणे सगळ्यात स्वस्त पडते. बारा कोटींच्या राज्याला तो पेलतो, एका गावाला नाही.

महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये फुप्फुस प्रत्यारोपणासह महागड्या उपचारांसाठी राखीव निधीचा निर्णय घेतला, तो म्हणूनच योग्य आहे. मात्र हा पैसा शस्त्रक्रियेच्या बिलापाशी थांबला, तर नंतरच्या गोळ्या आणि तपासण्यांसाठी त्याच कुटुंबाला पुन्हा त्याच शेजाऱ्यांच्या दारात उभे राहावे लागेल.