तोरणमाळ येथील नाथपंथाचें स्थान

सातपुड्यांतील तोरणमाळचें पठार नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणी तालुक्यांत असून समुद्रसपाटीपासून सुमारें १,१५० मीटर उंच आहे. यशवंत तलाव, गोरखनाथाचें मंदिर व मच्छिंद्रनाथाची गुहा हीं तेथील प्रसिद्ध स्थळें होत.

एवढ्या नांवांवरून गोरक्षनाथ प्रत्यक्ष येथें राहिले असें अनुमान काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गोरक्षाच्या नांवाचीं स्थानें नेपाळापासून गिरनारापर्यंत विखुरलेलीं आहेत. नाम हें भक्तीचें प्रमाण आहे, वास्तव्याचें नव्हे. तथापि परंपरा निराधार नाहीं. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति अशी गुरुपरंपरा सांगितली आहे. म्हणजे तेराव्या शतकांत हा पंथ महाराष्ट्रांत रुजलेला होता, हें निश्चित.

युरोपांत संत बेनेडिक्टानें इ. स. ५२९ च्या सुमारास माँते कासिनो येथें मठ स्थापिला, व भिक्षूनें आमरण एकाच मठांत राहावें असा नियम लिहून ठेविला. तेथील इतिहासकारास लेखाचा आधार मिळतो. नाथ योगी स्वभावतः फिरता. त्याचें स्थान कागदांपेक्षां यात्रेंत टिकतें. महाशिवरात्रीस भिल्ल, पावरा आदि समाज व शेजारच्या मध्यप्रदेश-गुजरातेंतील भाविक तोरणमाळीं जमतात.

अतएव या यात्रेकरूंच्या कथा, गीतें व विधि त्यांच्याच बोलींत टिपून घेणें हें संशोधकांचें पहिलें कर्तव्य होय. गुहा उद्यांही पाहतां येईल. सांगणारे वृद्ध मात्र उद्यां भेटतीलच असें नाहीं.