लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

गेल्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब लवकर आटोपला, म्हणून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तली काही पानं मोठ्याने वाचली. खूप हसलो, मधेच गप्पही झालो. आज त्यांच्याबद्दलच बोलू या.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा वडील धुवून घ्यायचे. शाळा नाही. लग्न लहानपणीच झालं, नवरा कवी, नारायण वामन टिळक. माणूस मोठा, पण रागीट आणि लहरी. न सांगता घर सोडून जायचे.

१० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. नवरा जिवंत, पण लोकांच्या लेखी मेल्यासारखाच. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, पत्रं लिहीत राहिले. बायकोने आपल्या पाठोपाठ धर्म बदलावा, अशी सक्ती त्यांनी केली नाही. त्यांचा राग ठाऊक असल्यावर ही गोष्ट आम्हाला बाप्तिस्म्याहूनही मोठी वाटते.

पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात प्रेमाची लक्षणं सांगताना सहनशीलता पहिली घेतली आहे. पण धीर म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि त्या नावाखाली किती बायका मार खातात, हे गटात बसणाऱ्या आपल्याला सांगायला नको. लक्ष्मीबाई तोंड मिटणाऱ्या नव्हत्याच. त्या रडल्या, भांडल्या, नवऱ्याला जाब विचारला. पुढे नगरला त्याच्याकडे आल्या, त्याही आपल्या अटीवर: माझा स्वयंपाक वेगळा, माझं पाणी वेगळं.

मग राहुरीला असताना त्यांच्या मनाने घेतलं, की जात काही देवाने केलेली नाही. हे कुणी प्रवचन देऊन पटवलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच उमगलं. ज्या हाताचं पाणी आजवर विटाळ होतं, ते त्या प्यायल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधे पाच वर्षं गेली होती. टिळकांनी घाई केली असती तर घर कदाचित जुळलं असतं, पण ती श्रद्धा बाईंची स्वतःची झाली नसती, असं आम्हाला वाटतं.

नगरच्या प्लेगात त्यांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. टिळक १९१९ साली गेले, तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुढे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ही उतारवयातलंच. त्या गेल्या १९३६ साली.

त्या पाण्याच्या पानाशी आलो, तेव्हा गटातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, “सात वर्षं मी हप्ता भरते. माझ्या घरी बैठक कधी झाली का गं?”

कुणालाच उत्तर देता आलं नाही. आम्ही संयोजक, आम्हीसुद्धा हे कधी मोजलं नव्हतं. या महिन्याची बैठक त्यांच्याकडे आहे, आणि चहाही त्यांच्याच हातचा.