पहिला कोण, हे ठरवायचे कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुडका, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. अंगावर चिलखतासारख्या गाद्या, डोक्यावर शिरस्त्राण, आणि समोरच्याला आडवा पाडीत पुढे सरकायचे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या मुलांत पहिला सामना झाला, असे मानतात. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. तो खेळ तेव्हा साध्या फुटबॉलच्या जवळचा होता; आजचे रूप पुढे हळूहळू आले. १९०५ सालापर्यंत मैदानावर इतकी मुले दगावू लागली होती की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज द्यावी लागली. त्यातून नियम बदलले आणि कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी संघटनाही उभी राहिली.

आपल्याकडे कॉलेजच्या क्रिकेटचा अंतिम सामना पाहायला किती माणसे येतात, ते आपण जाणतोच. तिथे मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर लाखाहून अधिक माणसे बसतात आणि ते भरते. असा खेळ, असा पैसा, अशी निष्ठा. आणि तरीही शंभरहून अधिक वर्षे एका साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर त्या देशाला देता आले नाही. यंदा पहिला कोण?

अडचण खरी आहे. अव्वल दर्जाचे कॉलेज संघ सव्वाशेच्या वर. खेळ इतका अंगावर येणारा की आठवड्याला एकच सामना, हंगामात डझनभर. सगळे सगळ्यांशी भिडणे शक्यच नाही. एक संघ पूर्वेकडे सगळे सामने जिंकतो, दुसरा दक्षिणेत, आणि दोघांची गाठच पडत नाही. हंगाम संपल्यावर जे मोठे सामने होत, ते ऊबदार हवेच्या गावांनी पाहुणे यावेत म्हणून भरवलेले. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचा १ जानेवारी १९०२ चा सामना त्यांतला पहिला. पहिला नंबर ठरवणे हा त्यांचा हेतूच नव्हता. मग १९३६ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने वर्तमानपत्रांच्या क्रीडा संपादकांची मते मागवून क्रमवारी लावायला सुरुवात केली. त्या वर्षी मिनेसोटा पहिला आला. म्हणजे विजेता मैदानावर ठरत नव्हता, मतपत्रिकेवर ठरत होता.

योगायोग असा की याच १९३६ सालच्या फेब्रुवारीत, फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात, धंदेवाईक फुटबॉल संघांचे मालक एका खोलीत जमले. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची सूचना होती की कॉलेज संपवून बाहेर पडणारे खेळाडू सर्वांनी पाळीपाळीने निवडावेत, आणि जो संघ सर्वांत शेवटी आला त्याची पाळी पहिली. त्यांचा स्वतःचा संघ त्या वर्षी सर्वांत शेवटी होता, हेही सांगायला हवे! फळ्यावर नव्वदएक नावे लिहिलेली होती. ही नावे आली कुठून, तर वर्तमानपत्रांतून आणि ओळखीपाळखीतून. खेळाडू पाहून यायला पगारी माणूस कोणाकडेच नव्हता. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात.

या ड्राफ्टमध्ये पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचे. गडी मोठा ताकदीचा. मिशिगनकडून खेळणाऱ्या जेराल्ड फोर्ड नावाच्या मुलाने त्याला अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा बरवँगरची टाच लागून त्याच्या गालावर कायमचा व्रण राहिला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते हेच फोर्ड. पण पहिल्या क्रमांकाने निवडलेला हा खेळाडू धंदेवाईक सामना एकही खेळला नाही. पैशाचे जमले नाही. तो रबराच्या मालाचा विक्रेता झाला, पुढे स्वतःचा कारखाना काढला. त्या वर्षी निवडलेल्यांपैकी निम्म्यांनीही करार केले नाहीत. बरवँगरच्या विद्यापीठाने तर १९३९ साली हा खेळच बंद केला, आणि ओस पडलेल्या त्याच मैदानाच्या बैठकीखाली १९४२ साली अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली गेली. हे विषय सोडून झाले, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

फळ्यावर कोणाची नावे होती यापेक्षा कोणाची नव्हती, ते जास्त बोलके आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठे नियम लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नाही. लॉस एंजेलिसचा केनी वॉशिंग्टन १९३९ साली देशातल्या उत्तम खेळाडूंत गणला गेला. पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारा जॅकी रॉबिन्सन त्याच संघात होता. १९४० च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनचे नाव कोणीही घेतले नाही. त्याला लीगमध्ये यायला १९४६ साल उजाडले. तोवर गुडघे खराब झाले होते. ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडला गेला तो १९४९ साली, जॉर्ज टॅलिअफेरो, आणि तोही तेराव्या फेरीत.

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. त्यांचे नाव सलाम कुरेशी. आमच्या मोहल्ल्यात हे नाव कोणाही मास्तरांचे असू शकेल. अमेरिकन फुटबॉलवरच्या मजकुरात ते दिसले तेव्हा मी ओळ पुन्हा वाचली. कुरेशी भारतातून तिकडे गेलेले संख्याशास्त्रज्ञ. आयबीएमच्या एका उपकंपनीत कॅलिफोर्नियात नोकरीला होते. १९६० साली डलास काउबॉइज हा नवा संघ निघाला आणि पहिल्या हंगामात त्याने एकही सामना जिंकला नाही. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी त्याच वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये संगणक निकालांचा हिशेब कसा झटपट करतो ते पाहिले होते. खेळाडू पारखायला हे यंत्र का वापरू नये, असे त्यांच्या मनात आले, आणि १९६२ च्या सुमारास गाठ पडली ती कुरेशींशी.

कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते. या फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता. श्रॅमना संगणकाचा नव्हता. एकाचे इंग्रजी हिंदुस्थानी वळणाचे, दुसऱ्याचे टेक्सासी. दोघांना एकमेकांचे बोलणे कळायला कष्ट पडत, असे सांगतात. पण खेळ ठाऊक नसणे हीच कुरेशींची खरी ताकद ठरली असावी. इतरांनी गृहीत धरलेल्या गोष्टी ते विचारीत राहिले. चांगला खेळाडू म्हणजे काय? प्रशिक्षकांनी सांगितलेल्या गुणांची यादी तीनशेपर्यंत गेली. ती गाळून गाळून उंची, वजन आणि वेग या मोजता येणाऱ्या गोष्टी सोडता पाच गुण उरले. चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिद्द, बुद्धीची तरतरी, आणि ताकद. प्रत्येकाला एक ते नऊ गुण. पारखायला जाणाऱ्या माणसांची गोष्ट आणखी अवघड. एकाचे 'बरा' म्हणजे दुसऱ्याचे 'उत्तम'. मग ठराविक वाक्यांची प्रश्नावली बनवली, आणि कोणता पारखी हात सैल सोडतो, कोणता आखडता घेतो, तेही यंत्र हिशेबात धरू लागले.

हे मला फार मोलाचे वाटते. काव्यस्पर्धांना परीक्षक म्हणून मी बसलेलो आहे. शेजारचे परीक्षक दहापैकी आठच्या खाली येत नाहीत आणि पलीकडचे पाचच्या वर जात नाहीत. बेरीज मात्र सरळ होते. परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी, हे आमच्या क्षेत्रात अजून कोणाला सुचलेले नाही.

यंत्राने चमत्कार केला असे म्हणणार नाही. डलासकडे गिल ब्रँट यांच्यासारखा जाणता पारखी होता आणि त्याचे जाळे दूरवर पसरलेले होते. ज्या छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजांकडे कित्येक संघ ढुंकूनही पाहत नसत, तिथूनही ते खेळाडू आणीत. रेफील्ड राइट १९६७ साली सातव्या फेरीत असाच मिळाला; पुढे या खेळातल्या थोरांच्या यादीत जाऊन बसला. १९७२ आणि १९७८ साली डलासने सुपर बोल जिंकला. आणि एव्हाना बाकीचे संघही संगणक विकत घेऊ लागले होते.

याच काळात कॉलेजांचा वाद किती विचित्र वळणावर होता ते १९६६ सालात दिसते. नॉत्र दाम आणि मिशिगन स्टेट हे पहिले दोन संघ नोव्हेंबरात भिडले. शेवटच्या मिनिटांत नॉत्र दामच्या प्रशिक्षकांनी धोका न पत्करता वेळ काढली आणि सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. हंगामानंतरचा सामना दोघेही खेळले नाहीत. एकाचा रिवाज आड आला, दुसऱ्याच्या गटाचा नियम. अलाबामाने अकराच्या अकरा सामने जिंकले, तरी मतांत तो तिसरा. अलाबामात आजही त्याचा राग आहे. पण त्या संघात एकही कृष्णवर्णीय मुलगा नव्हता, हेही त्याच सालातले सत्य. दक्षिणेतली विद्यापीठे ज्यांना दार उघडत नव्हती ती मुले उत्तरेला मिशिगन स्टेटमध्ये जाऊन खेळत होती. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ निवडींपैकी चार खेळाडू एकट्या मिशिगन स्टेटचे निघाले. चौघेही कृष्णवर्णीय, त्यांतले तिघे दक्षिणेकडचे. पहिला निवडला गेलेला बब्बा स्मिथ टेक्सासचा. संपादकांनी ज्या संघाला दुसरे ठरवले, त्याच्याकडे धंदेवाईक मालकांनी आधी धाव घेतली.

पुढची तीस वर्षे मी भराभर सांगतो. कधी संपादकांचा विजेता वेगळा आणि प्रशिक्षकांचा वेगळा. १९७३ साली तर प्रशिक्षकांनी हंगामानंतरच्या सामन्याआधीच अलाबामाला विजेता ठरवले आणि त्या सामन्यात अलाबामा हरला. १९९८ पासून मते आणि संगणक यांची खिचडी करून पहिल्या दोघांचा अंतिम सामना ठेवला. पण २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया संघच बाहेर राहिला! प्रकरण थेट काँग्रेसच्या सुनावण्यांपर्यंत गेले. २००८ साली नुकतेच निवडून आलेले ओबामा यांनीही आठ संघांची बाद फेरी हवी म्हणून दूरचित्रवाणीवर सांगितले. अखेर २०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची समिती आणि चार संघांची बाद फेरी आली.

या वर्षांत खेळाडूंचे वजनमाप मात्र फारच पुढे गेले होते. दरवर्षी इंडियानापोलिसला शेकडो मुलांना बोलावतात, उंची, वजन, हाताचा तळवा मोजतात, चाळीस यार्ड धावायला लावतात. २००० साली टॉम ब्रेडीला त्यासाठी ५.२८ सेकंद लागले. फारच संथ. त्याचे नाव १९९ वे पुकारले गेले, आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. पुढे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी बऱ्याच वर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघांत आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणेफेकीहून जरासे बरे.

आणि निवडला जाणाऱ्याला विचारतो कोण? १९६८ साली वॉशिंग्टनने निवडलेला जेम्स स्मिथ पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला इजा होऊन कायमचा बाद झाला. मालक निवडायचे स्वातंत्र्य असते तर मी चांगल्या अटी घातल्या असत्या, असा त्याने दावा लावला. १९७६ साली न्यायालयाने तेव्हाची ड्राफ्ट पद्धत बेकायदा ठरवली. मग लीगने खेळाडूंच्या संघटनेशी करार करून ती पुन्हा कायद्यात बसवली. कॉलेजांतल्या मुलांना तर २०२१ पर्यंत आपल्या नावावरसुद्धा पैसे मिळवायला बंदी होती. मैदान भरे त्यांच्यामुळे, त्यांना मिळे फी आणि जेवणखाण.

हे दोन्ही धागे २०२३ साली एकत्र आले. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचे अजिंक्यपद घेतले. पण १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सारा डाव चालतो तो जॉर्डन ट्रॅव्हिस, पाय मोडून बाहेर गेला. त्याच्यावाचूनही संघ हरला नाही. तरी ३ डिसेंबरला समितीने चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला दिली. कारण? हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही. म्हणजे काय जिंकले ते न पाहता पुढे काय होईल याचा अंदाज केला. ड्राफ्टवाले करतात तेच. निराश झालेल्या मुलांपैकी दोन डझनांहून अधिक जण, त्यांत कित्येक ड्राफ्टच्या तयारीतले, पुढचा सामना खेळलेच नाहीत, आणि जॉर्जियाने उरलेल्यांचा ६३-३ असा धुव्वा उडवला. चार महिन्यांनी ड्राफ्टमध्ये याच संघातले दहा खेळाडू निवडले गेले.

२०२४ पासून बाद फेरीत बारा संघ आले. त्या पहिल्याच वर्षी जिंकला तो ओहायो स्टेट, समितीच्या यादीत सहावा. जुन्या पद्धतीत तो दारातच थांबला असता.

ट्रॅव्हिसने समितीचा निर्णय ऐकल्यावर लिहिले होते की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते. निदान संघ माझ्या एकट्यावर उभा नव्हता हे त्यांना दिसले असते. न्यूयॉर्क जेट्सने त्याला पाचव्या फेरीत निवडले. पाय पुरता भरून आला नाही. २०२५ साली, लीगमधला एकही सामना न खेळता, तो निवृत्त झाला.