मद्रासचा बर्फ आणि न वाळणारे कपडे

आपल्याकडे दिवाळीत पाऊस आला की आपण त्याला अवकाळी म्हणतो. चेन्नईत तोच खरा पावसाळा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून येणारा पाऊस, शेजारी समुद्र, आणि दोरीवर तीन-तीन दिवस ओलेच राहणारे कपडे. इथे आलो त्या वर्षी आम्ही ते आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवले. कपडे कसेबसे वाळले, पण भिंतीला बुरशी धरली आणि सासूबाईंचा दमा उसळला. डॉक्टर म्हणाले, आधी त्या खोलीतली दोरी काढा.

या शहराला कपडे वाळवणं नवीन नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासचा व्यापारच कापडाचा. जहाजावर चढण्याआधी ते कापड धुऊन उन्हात शुभ्र करावं लागे. त्यासाठी पाणी हवं, मोकळी जमीन हवी. उत्तर चेन्नईतल्या वण्णारपेट्टैचं नावच धोब्यांवरून पडलं. तमिळमध्ये वण्णार म्हणजे धोबी. १७३४ मध्ये विणकरांसाठी चिंताद्रिपेट वसवलं, तिथेही धोब्यांना जागा दिली गेली. आमच्या फ्लॅटला ना मोकळी जमीन, ना ऊन. साध्या ड्रायरची दमट हवा बाहेर सोडायला भिंतीत भोक लागतं, आणि सोसायटी ते पाडू देईना. म्हणून कंडेन्सर ड्रायर घेतला. तो हवा बाहेर सोडतच नाही.

मग ओल जाते कुठे? याचं उत्तर मरीना किनाऱ्यावरच्या एका गोलाकार इमारतीपाशी मिळतं. आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद इथे उतरले होते. पण त्या भागाचं नाव अजून आइस हाउसच आहे. १८४२ मध्ये ती इमारत बांधली गेली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरच्या बर्फासाठी. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात दाबून जहाजाने मद्रासला यायचा. तो पेल्यात टाकला की पेला बाहेरून भिजायचा. हे पाणी पेल्यातलं नव्हे, मद्रासच्या हवेतलं. हवा गार झाली की तिच्यात वाफ कमी मावते. जास्तीची वाफ पाणी होऊन थंड जागेवर बसते.

पुढे १८७४ मध्ये मद्रासमध्येच इंटरनॅशनल आइस कंपनी निघाली आणि यंत्राने बर्फ होऊ लागला. ट्यूडरचा धंदा उतरणीला लागला. मग १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद कमीजास्त व्हायचा आणि रंग जुळत नसत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. म्हणजे आपल्या एसीचा जन्म आधी ओल काढण्यासाठी झाला, गारव्यासाठी नंतर.

आता ड्रायर बघा. आत तीच हवा गोल गोल फिरते. हीटर ती तापवतो, ती ड्रममधल्या कपड्यांतलं पाणी उचलते, जाळीत धाग्यांचा भुसा सोडते आणि कंडेन्सरमध्ये येते. तिथे पातळ पत्र्यांच्या एका बाजूला ही गरम दमट हवा, दुसऱ्या बाजूला खोलीतली हवा. दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत. ६० अंशांच्या १ घनमीटर हवेत सुमारे १३० ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांच्या हवेत फक्त ३० ग्रॅम. मधला फरक पाणी होऊन टाकीत जमतो, आणि कोरडी झालेली हवा पुन्हा हीटरकडे जाते.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ केला. आवाज नको म्हणून यंत्र लहान खोलीत ठेवलं आणि दार-खिडकी बंद केली. दोन तासांनी खोलीची भट्टी झालेली, कपडे ओलसरच. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. मेकॅनिक आला, त्याने फक्त खिडकी उघडली. कारण सरळ आहे. ६ किलो सुती कपड्यांत पिळल्यानंतरही साडेतीन किलोच्या आसपास पाणी उरतं. त्याची वाफ करायला अडीच युनिटच्या जवळपास उष्णता लागते. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी उष्णता खोलीत येते. खोलीच तापली तर कंडेन्सरला गार कोण करणार?

हीट पंपाचे ड्रायर यातूनच पुढे आले. त्यांत कंडेन्सरच्या जागी फ्रिजसारख्या थंड नळ्या असतात. त्या हवेतलं पाणी काढतात, आणि काढलेली उष्णता गरम नळ्यांवाटे त्याच हवेला परत देतात. वीज निम्म्याच्या आसपास लागते. कपडे कमी तापमानावर वाळतात, म्हणून वेळ मात्र जास्त. किंमतही जास्त, म्हणून आम्ही साधाच घेतला होता.

ऊन असेल त्या दिवशी आमची बाल्कनीतली दोरीच बरी. पण पावसात टाकी भरते. पहिल्यांदा ती पूर्ण भरली तेव्हा सासूबाईंनी ती उचलून पाहिली, हाताला जड लागली.

"एवढं पाणी त्या खोलीत होतं?" त्या म्हणाल्या. "हे मी रात्रभर श्वासात घेत होते होय?"

मंडळी, पाणी नाहीसं होत नाही. ते कुठे जातंय, एवढंच बघायचं असतं. तुमच्या घरी आत दोरी असेल, तर आज एवढी खिडकी उघडा. पुढच्या भागात भेटू.