रस्त्यावरची चित्रशाळा : वसंतातले चेंबूर

चित्रकलेचा इतिहास सांगावयाचा म्हणजे अजिंठ्यापासून आरंभ करावयाचा आणि संग्रहालयाच्या दाराशी येऊन थांबावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या दाराबाहेरच्या रस्त्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज आपण तो रस्ता धरू. आणि तो काही दूरदेशीचा नव्हे, आपल्या चेंबूरचाच. ऋतूही अनुकूल आहे. करंजाला नवी पालवी फुटली आहे, सोनमोहराचा पिवळा सडा पदपथावर पडू लागला आहे, आणि माहुलच्या खाडीत रोहित पक्षी अजून मुक्कामाला आहेत. रस्ता पाहावयाचा तर याच दिवसांत पाहावा.

चेंबूर हे मुळात शहर नव्हे. घाटला, बोर्ला, देवनार, चरई, माहुल अशा गावांचा हा टापू. भातखाचरे, खारफुटी आणि खाडी हेच त्याचे ऐश्वर्य. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईने येथे कुर्ल्याहून लोहमार्ग आणला, तो माणसांसाठी नव्हे, शहराचा कचरा आणून टाकण्यासाठी! उतारूंची वाहतूक सुरू झाली ती १९२४ साली. पुढे तिसाच्या दशकात बागबगीच्यांचे उपनगर म्हणून येथे आखणी झाली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी व पंजाबी निर्वासितांची छावणी पडली; तीच आजची चेंबूर कॅम्प. त्याच काळात आणि पुढे तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबे येथे स्थिरावली. ज्या भूमीवर शहराने आपला केर टाकला, त्या भूमीवर आलेल्या प्रत्येकाने सकाळी उठून आधी आपल्या दारापुढचा केर काढला आणि तेथे काहीतरी रेखाटले. येथील चित्रकलेचा उगम शोधावयाचा तो या उंबऱ्यापाशीच, असे आम्हांस वाटते.

चैत्र लागला की मराठी घरात चैत्रगौर बसते आणि अंगणात चैत्रांगण उमटते. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कमळ, कासव, गोपद्मे, तुळशीवृंदावन, अशी सारी सृष्टी शिरगोळ्याच्या चिमूटभर भुकटीतून हातभर जागेत उतरते. त्याच गल्लीत दोन दारे ओलांडली की तमिळ गृहिणीचे कोलम दिसते. तेथे चिन्हांपेक्षा गणिताचा थाट अधिक. आधी ठिपक्यांची मांडणी, मग त्यांना वळसे घालीत जाणारी, तुटू न देता नेलेली रेघ. परंपरेने ते तांदळाच्या पिठाने काढतात. त्यामुळे मुंग्यांचीही न्याहारी होते. अंगणे जाऊन सदनिकांच्या दारापुढच्या चार फरश्या उरल्या, तरी दोन्ही रीती टिकल्या आहेत. पाडव्याला मराठी गुढी, त्याच दिवशी कानडी उगादी, त्याच सुमारास सिंध्यांचा चेटीचंड, एप्रिलच्या मध्यावर तमिळ नववर्ष आणि मल्याळी विषू! एका महिन्यात इतकी नववर्षे साजरी करणारे गाव विरळाच. आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने सिद्धार्थ कॉलनीकडे निघावे, तर सारा रस्ता निळा झालेला असतो.

दाराचे चित्र भिंतीवर गेले ते सिनेमामुळे. होमी वाडिया यांनी १९४२ साली 'बसंत पिक्चर्स' ही संस्था काढली आणि तिचा स्टुडिओ चेंबुरात उभा राहिला. 'बसंत' म्हणजे वसंतच. स्टुडिओ गेला, तरी बसंत पार्कच्या नावात तो ऋतू बारमाही राहिला आहे. १९४८ साली राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ निघाला. तेथील होळीची कीर्ती साऱ्या हिंदुस्थानात होती. या स्टुडिओचे बोधचिन्ह १९४९ च्या 'बरसात' चित्रपटातील एका दृश्यावरून घेतलेले. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. ते चिन्ह येणाऱ्याजाणाऱ्यांना दगडी देवळावरच्या शिल्पाइतके परिचित झाले.

सिनेमाचे फलक रंगविणारे हात मात्र बहुधा अनामिकच राहिले. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना त्यांच्या कुंचल्याने 'पेंटर' हे नावच देऊन टाकले, आणि मकबूल फिदा हुसेन पुढे जगप्रसिद्ध झाले म्हणून त्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगविल्याचे आपण कौतुकाने सांगतो. शिडीवर चढून नायिकेचा पुरुषभर डोळा रंगविणारे बाकीचे शेकडो कारागीर? त्यांची सही फलकाच्या कोपऱ्यात असे आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या चित्राखाली जाई.

चेंबूरचे तिसरे चित्रदालन चाकांवर चालते. १९५४-५५ मध्ये माहुलच्या बाजूस दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि रस्त्यांवर टँकरांच्या रांगा लागल्या. मालवाहू गाड्यांच्या पाठीवर कमळ, मोर, गाय-वासरू, लिंबू-मिरची, आणि मध्ये ठसठशीत 'हॉर्न ओके प्लीज'. २०१५ साली राज्य सरकारने या अक्षरांना मनाई केली. भोंग्यांचा गोंगाट वाढतो हे कारण. कारण रास्त होते. पण एक लोकप्रिय वाक्य कायद्याने पुसावे लागले, हीदेखील त्या कलेच्या सामर्थ्याची एक पावतीच म्हणावयाची.

अलीकडे भित्तिचित्रांना प्रतिष्ठा आली आहे. २००९ साली माहीमजवळ तुळशी पाइप रस्त्याच्या लांबलचक भिंतीवर नागरिकांनी हौसेने चित्रे काढली. २०१४ मध्ये वांद्र्याला टेलिफोन खात्याच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले. ते साकारणाऱ्या रणजित दहिया यांची स्फूर्ती जुन्या हाताने रंगविलेल्या सिनेमाफलकांचीच. म्हणजे आपण ज्याला नवी कला म्हणतो, ती त्या शिडीवरच्या अनामिकांचीच पुढली पिढी होय.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. टिकते ते काय? १६ सप्टेंबर २०१७ रोजी आर. के. स्टुडिओला आग लागली. जपून ठेवलेले जुन्या चित्रपटांतील पोशाख आणि वस्तू त्यात गेल्या; २०१९ साली जागाही विकली गेली. भिंती भक्कम, कुलपे पक्की, तरी ठेवा गेला. उलट चैत्रांगणाला कुलूप नाही, छप्पर नाही. सायंकाळपर्यंत ते पायदळी जाते, आणि तरी शतकानुशतके आहे. कारण ते फरशीवर नव्हे, हातांत साठविलेले असते; आईच्या हातातून लेकीच्या हातात जाते. जे पुसले जाते ते नष्ट होतेच असे नाही; जे पुन्हा काढणारे कोणी उरत नाही, तेच नष्ट होते.

म्हणूनच आम्हांस चिंता वाटते ती पुसलेल्या चित्रांची नव्हे, थांबलेल्या हातांची. संगणकावर छापलेले फलक आले आणि पाट्या रंगविणाऱ्यांचे दुकान उठत चालले. देवनागरी 'श्री'ची वेलांटी एका फटकाऱ्यात ओढणारा माणूस वृद्धापकाळी काम सोडतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक संपूर्ण लिपी जाते, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

ही नोंद करण्यास मोठ्या संस्थेची वाट पाहावी लागत नाही. आपल्या गल्लीतील जुनी पाटी कोणी रंगविली, हे दुकानदाराला विचारावे. नाव आणि साल वहीत टिपावे. शेजारच्या कोलमचे ठिपके मुलीला मोजावयास सांगावे, आणि शेजारणीला चैत्रांगणाचे कासव शिकवावे. चैत्र संपावयास अजून अवकाश आहे.