कच्चा कैदी, पक्का कैदी

जाम चौरस्त्यावरून नागपूरची एसटी धरली की शहरात शिरल्यावर वर्धा रोडवरच मध्यवर्ती कारागृह लागतं. आपल्यातली एखादी तिथं मुलाला भेटायला जाते आणि ‘तो अजून कच्चा कैदी आहे’ एवढंच ऐकून परत येते. रस्ताभर तिच्या जिवाला घोर. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतलाय.

खटला चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही, तो कच्चा. शिक्षा लागली तो पक्का. या दोघांना वेगळं ठेवायचं, हे इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातच लिहिलेलं होतं. बायकांची जागा तर इतकी वेगळी, की पुरुष कैद्यांशी नजरानजरही होऊ नये. आणि तुरुंगात माणसं मावेनाशी झाली किंवा साथ आली, तर तात्पुरता तुरुंग उभारायचा, हेही त्यातच.

१९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानं वारले. राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा, एवढंच मागणं होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं अ, ब, क असे वर्ग केले. पण वर्ग ठरवताना शिक्षण, घरची स्थिती, राहणी बघायचे! म्हणजे घरी सुख असणाऱ्याला तुरुंगातही सोय. सत्याग्रहात गेलेली खेड्यातली माणसं बहुतेक क वर्गातच पडली.

जातीचं तर विचारूच नका. स्वयंपाक कोणी करायचा, झाडू कोणी मारायचा, हे कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमांत जातीवरून ठरत होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं ३ ऑक्टोबर २०२४ ला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

तात्पुरता तुरुंग मात्र आपण डोळ्यांनी पाहिला, करोनात. २०२० मध्ये राज्यात ठिकठिकाणी शाळा, वसतिगृहं ताब्यात घेतली. नव्यानं पकडलेल्यांना आधी तिथं ठेवायचं, रोग नाही असं दिसलं की मोठ्या तुरुंगात. पोराला शाळेत कोंडलं म्हणून घाबरलेल्या आयांना एवढंही कोणी समजावलं नव्हतं.

तेव्हा भेटीला गेलात तर दोन गोष्टी विचारा: कच्चा की पक्का, आणि पुढची तारीख कधी. वकील नसेल तर वर्ध्याला न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कैदेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. बाईला तर मिळतोच, मग तिचं उत्पन्न कितीही असो.