टेनपिन बोलिंगच्या गोळ्यातील छिद्रे : पकड आणि माप

खेळाच्या साधनांचा इतिहास लिहिताना त्यांचे द्रव्य व आकार यांकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष जाते, तेवढे ती साधने हातात धरण्याच्या रीतीकडे जात नाही. टेनपिन बोलिंगच्या गोळ्यातील छिद्रे ही या उपेक्षेचे ठळक उदाहरण होत. गोळ्याचा आकार सर्वांना सारखा. छिद्रे मात्र ज्याच्या त्याच्या हाताची.

ही छिद्रे गोळाफेकीच्या सर्व खेळांत मुळापासून होती, असे मानण्यास आधार नाही. जर्मनीतील नऊ खुंट्यांच्या खेळात सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा छिद्ररहित गोळा आजही वापरतात. अमेरिकेतील वुस्टर येथे १८८० च्या सुमारास निघालेल्या कँडलपिन या प्रकारातील साडेचार इंची गोळा तर तळहातातच मावतो. गोळा पंज्याच्या आवाक्याबाहेर वाढला, तेव्हा त्यास भोक पाडणे भाग पडले. १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने नियमांत एकसूत्रता आणली, आणि कमाल वजन १६ पौंड व परीघ सुमारे २७ इंच हे प्रमाण रूढ झाले. एवढा गोळा नुसत्या तळव्यावर तोलून नेमका सोडणे सोपे नव्हे.

आरंभीचे गोळे लिग्नम व्हिटी या पाण्यात बुडणाऱ्या जड लाकडाचे असत. १९०५ नंतर कठीण रबराचे गोळे आले. त्या काळी बहुधा दोनच छिद्रे असत : एक अंगठ्याचे, दुसरे मधल्या बोटाचे. अनामिकेस तिसरे स्थान पुढे मिळाले आणि भार दोन बोटांवर विभागला गेला. जुन्या पकडीत बोटे दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. नंतर प्रतिष्ठा पावलेल्या पकडीत केवळ पहिल्या पेरापर्यंत. या दुसऱ्या पकडीत अंगठा आधी सुटतो व बोटे क्षणभर मागे राहतात. त्या क्षणात गोळ्यास फिरकी मिळते. छिद्राचा व्यास जुळणे एवढ्यावर भागत नाही, त्याचा कलही पाहावा लागतो. अंगठ्याचे छिद्र तळव्याकडे कललेले असेल तर अंगठा अधिक काळ धरून राहतो, उलट कलले तर लवकर निसटतो. माप सैल झाले की खेळाडू नकळत गोळा आवळतो, आणि हाताचा सहज झोका तिथेच बिघडतो.

कारागीर अंगठ्यापासून मधल्या बोटाचे व अनामिकेचे अंतर वेगवेगळे मोजतो. मराठीत आज वीत आणि टीच हेच शब्द उरले आहेत. अमरकोशात मात्र ताणलेल्या अंगठ्यापासून मध्यमेपर्यंतच्या अंतरास 'ताल' आणि अनामिकेपर्यंतच्या अंतरास 'गोकर्ण' अशी स्वतंत्र नावे आहेत. अमेरिकन कारागिराची ही दोन मापे संस्कृत कोशकाराला निराळी वाटली असती, पण अनोळखी खचित नव्हे.

तथापि हाताच्या मापाविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या या खेळाने हात कोणाचा, याविषयी दीर्घकाळ फार संकुचित दृष्टी ठेवली. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचे सदस्यत्व केवळ श्वेतवर्णीय पुरुषांपुरते मर्यादित होते. वर्णाची ही अट नागरी हक्कांच्या संघटना व कामगार संघटना यांच्या दडपणानंतर १९५० मध्ये रद्द झाली. प्रत्येक बोटाचे वैशिष्ट्य मान्य करणारी व्यवस्था माणसाचे सदस्यत्व त्याच्या त्वचेवरून ठरवीत होती. या खेळाच्या इतिहासात ही विसंगती गोळ्याच्या द्रव्यांच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाची मानावी लागेल.

अलीकडचा वाद छिद्राच्या व्याख्येचा आहे. गोळ्याचा तोल व मार्ग बदलण्यासाठी पकडीशी संबंध नसलेले एक जादा छिद्र पाडीत असत. १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने ते वर्ज्य केले. फेकताना ज्यात बोट नाही, असे छिद्र गोळ्यात असता कामा नये. दोन्ही हातांनी गोळा टाकणारा ऑस्ट्रेलियन खेळाडू जेसन बेलमाँटी अंगठा वापरीतच नाही. त्यामुळे अशा खेळाडूच्या गोळ्यात अंगठ्याचे छिद्र असेल, तर तेही या नियमाने निषिद्ध ठरते.